ओव्हरड्राइव्ह आणि सासरेबुवांची दाढ

पायाच्या कामात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय! ही बढाई नाही, धंदाच तसा आहे. मी दातांचा डॉक्टर. दात कोरायचं मशीन हातात नुसतं धरायचं असतं, ते चालतं पायाखालच्या पेडलवर. पेशंट तोंड वासून छताकडे बघत असतो आणि खाली माझा पाय एखाद्या कसलेल्या शिंप्यासारखा बिनबोभाट काम करत असतो. त्यामुळे माझ्या इलेक्ट्रिक गिटारसाठी ओव्हरड्राइव्हचं पेडल आणलं, तेव्हा ते वापरायला शिकावं लागेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे साबणाच्या डबीएवढी एक लोखंडी डबी. गिटारची वायर तिच्यातून स्पीकरला न्यायची. पायाने खटका दाबला, की इतका वेळ प्रार्थना म्हणणारा गिटारचा आवाज एकदम बाह्या सरसावून भांडायला उठतो! फाटतो, खरखरतो, गुरगुरतो! काय सांगू, स्वर्ग!

घरी वाजवायला बायकोची बंदी. पण दुपारी जेवणानंतर दवाखाना रिकामा असतो. गिटार, छोटा स्पीकर आणि पेडल घेऊन मी आतल्या खोलीत शिरलो. पेडल ठेवलं पेशंटच्या खुर्चीपाशी, मशीनच्या पेडलला खेटून. पायाच्या सवयीची जागा! दाराला आतून कडी घातली आणि खटका दाबला.

घर्र्र्र्रॅंऽऽ!

"आई गं!" मी आनंदाने किंचाळलोच. मला एकटा असलो की मोठ्याने बोलायची सवय आहे. "अजून थोडं वाढवू? वाढवतोच! हां... हां... फाटला! फाटला! काय सुरेख फाटला!"

आता बाहेर काय चाललं होतं ते ऐका. हे मला नंतर बायकोने सांगितलं, दातओठ खात. ती माझ्या दवाखान्याचं रिसेप्शन सांभाळते. त्या दिवशी तिने बाहेरचं दार वेळेआधीच उघडलं होतं, कारण तिचे वडील अखेर दात दाखवायला आले होते! सासरेबुवा अग्निशमन दलातून निवृत्त झालेत. पेटलेल्या इमारतीत हा माणूस बागेत फिरायला गेल्यासारखा शिरायचा. पण माझ्या खुर्चीचं नाव काढलं की बाथरूममध्ये जाऊन बसायचा. बायकोने लाडीगोडी लावून, रुसून, शेवटी रडून त्यांना आणलं होतं. शेजारी गाल सुजलेल्या एक काकू बसल्या होत्या. आणि बंद दाराआडून या दोघांना ऐकू येत होतं, घर्र्र्र, आई गं, अजून थोडं वाढवू, फाटला!

"अगं, आत कोण आहे?" सासरेबुवांनी विचारलं.

"कुणी नाही, बाबा. हे एकटेच आहेत."

"एकटे? मग ओरडतंय कोण?"

बायकोने दार ठोठावलं. मला कसलं ऐकू येतंय! मी डोळे मिटून वाजवत होतो. काकूंनी पर्स उचलली आणि गाल धरून रस्ता गाठला. सासरेबुवा मात्र उठून उभे राहिले. आत माणूस अडकलाय म्हटल्यावर त्यांची भीती कुठल्या कुठे पळाली.

"बाजूला हो!" म्हणत त्यांनी खांद्याची एकच धडक दिली. कडी उडाली ती थेट बेसिनमध्ये.

"पेशंट कुठाय?" ते गरजले.

"कोण पेशंट?"

"ज्याचा फाटला तो!"

"अहो बाबा, आवाज फाटला!"

"एवढं ओरडल्यावर फाटणारच! पण माणूस कुठाय?"

त्यांनी खुर्चीखालीसुद्धा वाकून पाहिलं.

माझी बायको एरवी मला ‘अरे’ म्हणते. "डॉक्टर" म्हणाली की समजायचं, आज जेवण मिळेलच असं नाही.

"डॉक्टर," ती म्हणाली, "ते आवरा. बाबा आत आलेच आहेत, तर आजच उरका. पुन्हा हाती लागायचे नाहीत."

मी खटका दाबून ओव्हरड्राइव्ह बंद केला, स्पीकर पडद्यामागे सरकवला आणि गिटार घाईघाईने त्याला टेकवली. सासरेबुवा खुर्चीत बसले, पण अट घालून.

"हे बघा जावईबापू, किडलेला दात तेवढा कोरायचा. शेजारची दाढ हलते, ती माझी मी सांभाळतोय. तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही!"

"बाबा, निर्धास्त राहा!"

मी भूल दिली. जबडा बधिर झाला. डाव्या हाताने गाल बाजूला धरला, उजव्या हातात मशीन घेतलं.

"आता नुसतं घूं होईल. माशीएवढं. आवाजाला घाबरायचं नाही," म्हणालो आणि माझ्या कसलेल्या पायाने पेडल दाबलं.

घूं झालं नाही. गिटार चालू, स्पीकर चालू, सभेतल्या माइक-स्पीकरसारखी दोघांची तोंडं समोरासमोर आणि मी दाबलेलं पेडल ओव्हरड्राइव्हचं! पडद्यामागून असा काही ‘कूंऽऽऽईऽऽऽ’ आवाज उठला, की दहा हत्तींच्या शेपट्या एकदम दारात सापडल्यात असं वाटावं! सासरेबुवांनी करकचून तोंड मिटलं. आत माझं बोट होतं.

"आई गंऽऽ!" मी ओरडलो. या खेपेला आनंदाचा काही संबंध नव्हता. जिवाच्या आकांताने हात मागे ओढला. बायकोने धावत जाऊन वायर उपटली आणि खोलीत शांतता पसरली.

माझ्या बोटाबरोबर सासरेबुवांची दाढ बाहेर आली होती. तीच ती, जिच्याकडे बघायचंसुद्धा नव्हतं!

झालं, माझं सासर संपलं! बायकोकडे बघायची छाती होईना. मी मुकाट्याने तळहात पुढे केला. सासरेबुवांनी दाढेकडे पाहिलं. जीभ फिरवून रिकामी जागा चाचपली. मग माझ्याकडे पाहिलं.

"दुखलं नाही हो!"

"अजिबात?"

"मला कळलंसुद्धा नाही! ओरडलात तर तुम्ही!"

आणि या गृहस्थांनी घरी जाईपर्यंत, भेटेल त्याला थांबवून सांगितलं, की आमचे जावई दाढ काढतात, ती नुसती वाजवून!

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बसायला जागा नव्हती. काकूही परतल्या होत्या, गाल आणखी फुगवून.

"त्यांचं केलंत तसंच माझं करा, डॉक्टर. ते वाजवायचं."

कलेची कदर इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं. बायको डोळे वटारत होती, पण भरल्या दवाखान्यात बोलणार काय? बँडेजच्या बोटाने मी गिटार उचलली, पेडल दाबलं आणि जीव ओतून वाजवलं. बोट ठणकत होतं, तरी एक सूर सोडला नाही. काकू तोंड उघडं टाकून ऐकत होत्या.

"कसं वाटलं?" मी भुलीचं इंजेक्शन भरत विचारलं.

काकूंनी माझा हात धरला.

"डॉक्टर, दाताचं मी सोसेन. ते इंजेक्शन तेवढं कानात द्या!"