आभाळाकडे टोकन मागणारे कदम भावजी

आमच्या संत तुकाराम नगरातल्या इमारतीत कुणी एकाच पायात चप्पल घालून जिना उतरताना दिसलं, तर समजावं, हा कदम भावजींकडून पकड नाहीतर पाना घेऊन आलाय. दुसरी चप्पल भावजींच्या दाराशी खिळ्याला टांगलेली असते. हत्यार पुसून परत द्या, मग चप्पल न्या. मी त्यांच्या खालीच, तळमजल्यावर राहते, सत्तरी ओलांडलेली बाई, पण मलासुद्धा सवलत नाही. कुकरच्या दांड्याचा स्क्रू आवळायचा, तरी एक पाय अनवाणी.

भावजी मूळचे चाकणकडच्या खेड्यातले. तिथल्याच एका कंपनीत टूल स्टोअरला होते. प्रत्येक कामगाराचं नंबर कोरलेलं पितळी टोकन असायचं. हत्यार घेतलं की त्याच्या जागी भिंतीवरच्या खुंटीला टोकन लागायचं. शिफ्ट सुटताना हत्यार परत, टोकन परत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ती भिंत भावजींच्या डोक्यातून काही उतरली नाही. जिन्यात पानाची पिचकारी दिसली की ओरडतात, "टोकन कुणाचं?" लग्नाच्या पंगतीत कुणी जिलेबी टाकून उठला, की त्याच्यामागे हात धुवायच्या नळापर्यंत जातात. "अहो पाहुणं, टोकन कुणाचं?"

मग कधीतरी मोबाइलवर त्यांना आभाळातला कचरा सापडला, आणि आमचा चहा कडू झाला.

"वहिनी, वर मेलेली यानं फिरत्यात. फुटक्या टाक्या, नटबोल्ट, रंगाचे पोपडे. बंदुकीच्या गोळीपेक्षा जोरात! आन् कुणी उचलायला तयार न्हाई!"

मी म्हटलं, "फिरू द्या की भावजी. वर कोण राहतंय?"

दोन दिवस चहाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणाले, "वादळाचा इशारा वरून येतो. टीव्हीवरचं तुमचं कीर्तन वरून येतं. रिक्षावाला तुमची गल्ली हुडकतो ती वरूनच. एक नट आपटला तर एका यानाची हजार भोकं, हजार तुकडं. मग म्हणा, वर कोण राहतंय!"

खरं सांगते, नीट कळलं तेव्हा माझंही डोकं फिरलं. आपण घरातल्या पोराला जेवल्यावर ताट उचलायला लावतो. आणि हे मोठमोठे देश! ताकद दाखवायला आपलीच यानं वर फोडून बघतात. त्यात आपणही आलो, आणि आपण टाळ्या वाजवल्या. करार आहेत म्हणे. तुमचं यान माझ्या घरावर पडलं तर भरपाई मिळेल. पण काम संपल्यावर ते उतरवायलाच हवं, अशी सगळ्या जगाला बांधणारी सक्ती नाही. नुसत्या सूचना. आणि दुसऱ्याचं मेलेलं यान परवानगीशिवाय हलवायचंही नाही. म्हणजे मेलेल्या बैलावर मालकी सांगायची, पण ओढून न्यायचा नाही! एवढ्या शहाण्यांच्या बैठका होतात, तिथं चहा पितात की झोपा काढतात?

अशात ऋतुजा पेढे घेऊन आली. ही भावजींची नात. ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकते, तिथंच होस्टेलला. मुलगा-सून नाशिकला, भावजींची बायको जाऊन सहा वर्षं झाली. त्यामुळे दर रविवारी जेवायला येणारी ऋतुजा, एवढाच त्यांचा गोतावळा. तिच्या गटाने केलेला छोटा उपग्रह वर जाणार होता. माझ्याच ओसरीवर तिनं पेढा पुढे केला. भावजींनी तो घेतला नाही.

"खाली कवा येनार?"

"येईल हो आबा. वर्षानुवर्षं लागतात."

"मंग टोकन कुणाचं?"

"आबा, टिफिनएवढा आहे तो! त्या मोठ्या देशांना विचारा ना!"

"त्यांना इचारायला माझ्याकडं व्हिसा न्हाई. तू घरातली हाईस."

पोरगी रडत गेली. जाताना म्हणाली, "आता येतच नाही." पुढचे रविवार भावजी दोन ताटं मांडायचे आणि एक उचलून ठेवायचे.

मी वर जाऊन झापलं. "जगाचा राग लेकरावर काढता? फोन करा तिला."

त्यांनी मोबाइल उपडा ठेवला. मग म्हणाले, "पाना बी येवढासाच व्हता, वहिनी."

नोकरीतली गोष्ट. त्या दिवशी शिफ्ट सुटली होती, कंपनीची बस हॉर्न मारत होती. एका कामगारानं हात पुढे केला आणि भावजींनी पाना न बघताच टोकन परत दिलं. पाना पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या साच्यात राहिला होता. पुढच्या शिफ्टला प्रेस खाली आला, तुकडा उडाला आणि साळुंखे नावाच्या ऑपरेटरचा डोळा गेला. "चौकशीत इचारलं, टोकन कुणाचं? खुंटीवर ना टोकन, ना पाना. आन् म्या बी गप बसलो."

मी खाली आले आणि ऋतुजाला फोन करून सगळं सांगितलं.

पुढे महिन्याभराने, रविवारी सकाळी भावजी माझ्या ओसरीवर चहा पीत असताना ती आली. अजून रागातच.

"शीड बसवलंय, आबा. काम संपलं की उघडेल, वरच्या विरळ हवेत अडेल, उपग्रह लवकर खाली येऊन जळेल. सर म्हणाले, सक्ती नाही तर कशाला? मी भांडले. पण डब्यात जागा कुठंय? माझा कॅमेरा काढावा लागला. वर्षभर खपून केलेला. झालं समाधान?"

भावजींनी कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "हाय का तुझ्याकडं? बघू."

तिनं बॅगेतून काढून लॅपटॉपला जोडला. भावजी समोर खुर्चीत ताठ बसले. "काढ माझा फोटू. तुझी आजी गेल्यापासनं कुणी काढला न्हाई."

"आबा, हा लांबचं बघायला केलाय. इतक्या जवळचं नुसतं धुरकट दिसतं."

"मंग लांब जातो की."

उठले, फाटकाबाहेर गेले, रस्ता ओलांडला. पलीकडे समोरच्या गल्लीच्या तोंडाशी हात बाजूला सोडून उभे राहिले.

"आता?"

ऋतुजानं डोळे पुसले, पडद्याकडे बघितलं. "अजून मागं, आबा!"

भावजी पाठ न वळवता, तिच्याकडे बघत, एकेक पाऊल मागे जात राहिले.