कडलग सर दीन झाले

सोमवारी सकाळी चेअरमन काकासाहेबांनी प्रा. श्रीमंत कडलगांना कॉलेजचे डीन केलं आणि त्याच दमात त्यांचं स्पॅनिश बंद करायचं ठरवलं.

स्पॅनिश काकासाहेबांनीच आणलं होतं. साखर कारखाने बघायला ते क्यूबाला गेले, तिथं कुणाशी एक अक्षर बोलता आलं नाही, म्हणून परतल्यावर त्यांनी कोल्हारजवळच्या आपल्या कॉलेजात ऊसवाल्यांच्या पोरांसाठी स्पॅनिश सुरू केलं. सहा वर्षं कडलग सर मनापासून शिकवत होते. गेल्या वर्षी वर्गात एकटा छगन होता, कारण त्या खोलीत पंखा होता.

"शनिवारपर्यंत दहा पोरं दाखवा," काकासाहेब म्हणाले. "न्हाईतर त्या खोलीत एनसीसीच्या बंदुका ठिवतो. तुमी डीन ऱ्हावा. कशाचे, ते मागनं बघू."

सरांना डीनपदापेक्षा खोलीची काळजी होती. तरी बोर्ड लागला तर चार पालक वचकून पोरं पाठवतील, या हिशेबानं त्यांनी नबीलाल पेंटरला चिठ्ठी दिली. मंगळवारी नगर-मनमाड रस्त्याकडे तोंड करून फाटकावर बोर्ड लागला: 'प्रा. श्रीमंत कडलग, दीन'.

सर बघायच्या आधी तो दोन एस.टी. गाड्यांनी वाचला होता.

दुपारी दूधवाल्या मनकर्णाबाई पदराखाली पायलीभर बाजरी घेऊन स्टाफरूमच्या दारात उभ्या.

"सर, यवढं झालं आन् आमाला परकं केलं?"

"काय झालं?"

"आता बोर्डच लावलाय म्हनल्यावर काय लपवायचं? नाव श्रीमंत आन् दिवस हे आले."

सर फाटकापर्यंत जाऊन बोर्ड बघून आले. "अहो, तो ड आहे. डीन म्हणजे मोठा अधिकारी."

"व्हय व्हय," मनकर्णाबाई समजुतीनं म्हणाल्या. "आमच्या थोरल्या दिराचंबी डोकं आसंच फिरायला लागलं हुतं. पर सर, ही पाळी आली कशानं?"

सर दमले होते. खरं तेच बोलून गेले. "माझ्या विषयाला पोरं नाहीत, बाई."

"आन् मग आधी न्हाई का सांगायचं? आमच्या दत्तूचं नाव घाला. काय शिकिवता?"

"स्पॅनिश."

"आसंल काय आसंल ते. बसंल कोपऱ्यात."

बुधवारी दुधाबरोबर ही बातमी जवळच्या देवळालीपर्यंत गेली. गुरुवारी तिथून बैलगाडीत चार पोरं आणि एक भोपळा आला. भोपळा परत न्यायला कुणी तयार होईना. शुक्रवारी एका बागायतदारानं आपला जावईही वर्गात घातला. घरी बसून सासुरवाडीचं खातोय, तेवढंच पुण्य. सरांनी प्रत्येकाला ड आणि द यांतला फरक समजावला. प्रत्येकानं मान डोलावली आणि बाहेर जाऊन डोळे पुसले.

शनिवारी काकासाहेब बंदुकांसाठी खोली मोजायला आले, तर आत सतरा डोकी. त्यांनी दोनदा मोजलं. जावयाला तर दोनदा बघितलंही.

"कडलग, डीन केल्याचा गुन आला म्हना की." आणि ते टेप गुंडाळून गेले.

संध्याकाळी नबीलाल शिडी, ब्रश आणि खाली मान घेऊन हजर झाला.

"माफ करा सर. मला वाटलं, चिठ्ठीत घाईनं ड पडला. आमच्यात दीन म्हंजे धरम, तुमच्यात दीनानाथ. दोनीकडं चांगलाच सबुद. पाच मिन्टात ड करून देतो."

तो शिडी चढू लागला. सरांनी त्याची विजार धरली.

"खाली ये."

"आवो सर, चूक हाय ती."

"सहा वर्षं विद्वान होतो, तेव्हा पंख्यासाठी एक आला. दीन झालो तर पाच दिवसांत सतरा." सर रस्त्याच्या पलीकडे गेले, डोळे बारीक करून बोर्ड न्याहाळला आणि परत आले.

"असं कर नबीलाल, तो द जरा जाड काढ. एस.टी.तून नीट दिसत नाही."