शरणप्पा सरांचा कापूस

सोलापुरात माणूस भेटला की आधी 'जेवण झालं का?' असं विचारतात. आमच्या गल्लीतले शरणप्पा सर विचारतात, "लाळ सुटली का?"

नवा माणूस दचकतो. गॅसची टाकी घेऊन आलेल्या एकाला त्यांनी जिन्यातच हा प्रश्न विचारला, तर तो बिचारा टाकी खाली ठेवून बाहीनं तोंड पुसायला लागला. आम्ही मुरलेले आहोत. "सुटली, सर" म्हणतो आणि पाय उचलतो. पण तेवढ्यानं सुटका होत नाही. "पातळ का चिकट?" हा दुसरा प्रश्न पाठोपाठ येतोच.

सर मूळचे अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीचे. इथल्या एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. मी त्यांचा विद्यार्थी. प्रॅक्टिकलला बेडकापेक्षा हाच जास्त घाबरलेला असायचा, असं ते माझ्या बायकोसमोर अजूनही सांगतात. आज मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, डोक्यावरचे केस गेलेत, हाताखाली वीस माणसं आहेत. पण सरांनी गॅलरीतून "ए, वर ये" म्हटलं की मी चप्पल शोधायला थांबत नाही.

लाळेबद्दल सरांचा एक सिद्धांत आहे आणि तो ऐकल्याशिवाय त्यांच्या घरचा चहा मिळत नाही. "कानापाशी, जबड्याखाली, जिभेखाली ग्रंथी हायत. त्यांना मेंदूकडनं दोन तारा येतात. एक निवांतपणाची. ती हलली की पातळ पाणी, भरपूर. दुसरी घाईगडबडीची, भीतीची. ती हलली की येतं जरासंच, पण घट्ट, एन्झाइमवालं. दोन्ही तारा पायजेत. नुस्तं पाणी बी कामाचं न्हाय, नुस्ता मसाला बी न्हाय. आमटी कशी करतो आपण?"

या सिद्धांताचा ते कुठेही वापर करतात. लग्नात सगळे अक्षता टाकत असतात तेव्हा सर नवरदेवाच्या गळ्याकडे बघत असतात. "बघ, गिळता येईना त्याला. दुसरी तार ओढली गेली." एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमन गच्चीच्या गळतीबद्दल खुलासा देत होते, तेव्हा मागून सरांचा आवाज आला, "त्यांना पाणी द्या आधी. तोंड सुकलंय. खोटं बोलायलेत." चेअरमननी ते पाणी प्यायलं, हे विशेष.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत ही सगळी गंमत होती. मग निलम्माकाकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या गळ्याशी गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पाठोपाठ लाईटचे शेक, म्हणजे रेडिएशन, झाले. गाठ गेली, पण तिच्याबरोबर तोंडातली लाळही गेली. ज्या बाईच्या हातची कडक भाकरी आणि शेंगाचटणी गल्लीतल्या घराघरांत जायची, ती बाई ताकात कालवलेला भात घोटाघोटानं पाणी पीत आत ढकलायला लागली. भाकरीचा तुकडा ओठाला लागला तरी कळवळायची. "थोडीफार लाळ परत येईल कदाचित, पण वेळ लागेल," असं डॉक्टर म्हणाले. सरांनी त्यातलं 'कदाचित' ऐकलंच नाही.

"ग्रंथी भाजल्यात, पर मेल्या न्हाईत," ते मला म्हणाले. "तारा शाबूत हायत. आपण रोज निरोप धाडत ऱ्हायचं. एक दिवस उत्तर येतंय बघ."

निरोप धाडायचं काम गल्लीवर आलं. दुसऱ्याला आंबट खाताना बघितलं की आपल्या तोंडाला पाणी सुटतं, या आधारावर सरांनी शेजाऱ्यांच्या पाळ्या लावल्या. रोज संध्याकाळी पाच वाजता काकूंसमोर खुर्ची टाकून एकानं आंबट खायचं. कुणी चिंच, कुणी लिंबाचं लोणचं. माझ्याकडे कैरी, तिखटमीठ लावून. "चावल्याचा आवाज आला पायजे. आणि तोंड वाकडं कर की जरा!" सर शेजारी उभे राहून सूचना द्यायचे. दात आंबून मला घरी वरणभातसुद्धा चाववत नव्हता. काकू मात्र, आपल्याला काय त्याचं, अशा चेहऱ्यानं माझ्याकडे बघत बसायच्या.

काकू घाबरल्या किंवा चिडल्या तर निवांतपणाची तार झोपेल, म्हणून त्यांच्यासमोर लाईट बिल काढायला बंदी झाली. टीव्हीवरच्या बातम्या बंद झाल्या. कुकरला शिट्टी होऊ द्यायची नाही, म्हणून सर ओट्यापाशी उभे राहून ती वाजायच्या आत गॅस बंद करायचे. त्या घरातली डाळ कित्येक महिने बोटचेपी शिजली नाही.

आणि मोजमाप! कैरी खाऊन झाली की कापसाची एक कोरडी वळी काकूंच्या जिभेखाली ठेवायची, दोन मिनिटं घड्याळ लावायचं आणि मग ती वळी सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर तोलायची. त्याआधी पंधरा मिनिटं पाणी प्यायचं नाही. आकडा भिंतीवरच्या आलेखावर चढायचा. पहिले काही दिवस आलेख फरशीसारखा सपाट होता. मग तो हळूहळू वर जायला लागला. सर पेढे वाटायच्या बेतात होते.

एका रविवारी मी पाचच्या आधीच पोचलो. सर दुसऱ्या खोलीत काटा पुसत होते. स्वयंपाकघरात काकू पाठमोऱ्या उभ्या होत्या, तांब्या ओठाला. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, पण गिळला नाही, गालात धरला. वळल्या आणि मला बघून तशाच थांबल्या. मग मोरीत चूळ टाकून माझ्याजवळ आल्या.

"त्यांना सांगू नगंस, बाळा."

"काकू, म्हणजे तो आकडा..."

"पाण्याचाच हाय. कापूस कोरडा निघाला की ह्यांचं तोंड बघवंना मला. जेवत नव्हते." मग आवाज आणखी उतरवून म्हणाल्या, "एकदम वाढवत न्हाय मी. रोज थेंबथेंब. मास्तर मानूस हाय, संशय येतो की!"

त्यांनी पुन्हा घोट गालात घेतला आणि खुर्चीवर जाऊन बसल्या. सर काटा घेऊन आले आणि त्यांना म्हणाले, "बोल की काहीतरी, रुसलीस व्हय?" मी त्या दिवशी कैरी कशी गिळली ते माझं मला माहीत. मला काकूंचं फार कौतुक वाटलं आणि सरांची फार दया आली. एवढा शिकलेला माणूस, आणि रोज साध्या पाण्यानं फसतोय.

पण फसलो होतो मी.

पुढच्याच आठवड्यात सरांनी मला मागच्या गॅलरीत नेलं. तिथे एका फळकुटावर परीक्षानळ्या ओळीनं मांडल्या होत्या. सगळ्या निळ्या. "भाताची पेज हाय, वर आयोडीन," सर म्हणाले. "पेजेतल्या स्टार्चमुळं निळं होतंय. ह्यात खरी लाळ पडली की तिच्यातलं एन्झाइम स्टार्च फोडतंय आणि निळा रंग जातो. पंधरा मिनिटांत पांढरं. बारावीला केलंस की तू हे." मग त्यांनी एकेका नळीवर बोट ठेवलं. "तोलून झालं की रोजचा कापूस मी हितं पिळतो. एक बी नळी पांढरी झाली न्हाय. नळाचं पाणी हाय हे."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"दुसऱ्या आठवड्यापासनं."

"मग बोलत का नाही?"

सरांनी एक नळी उजेडाकडे धरली. "बोललो तर ती वरमंल. घाबरंल. हाय ती तार बी जाईल मग." नळी जागेवर ठेवून ते म्हणाले, "आणि ती माझ्यासाठी एवढी खटपट करायली रे. पस्तीस वर्षांत तिनं मला एक लबाडी केली न्हवती. ही पहिलीच. कशी मोडू?"

मी ओठांवरून जीभ फिरवली, ते सरांना दिसलं असावं. ते लगेच म्हणाले, "तोंड सुकलं न्हवं तुझं?"

त्यानंतर माझी पंचाईत झाली. दोघांची गुपितं माझ्या पोटात आणि वर कैरी. पोट कसं राहील ठिकाणावर?

मग तो परवाचा रविवार. काकू गालात घोट धरून बसलेल्या, मी कैरी चावतोय, सर घड्याळ लावतायत, आणि माझा फोन वाजला. कारखान्याचे मालक. मी ताडकन उभा राहिलो, फोनचा स्पीकर घाईत चालू झाला आणि तोंडातली कैरी टाळूला चिकटून बसली. सरांचे डोळे चमकले. "दुसरी तार! दुसरी तार!" असं पुटपुटत त्यांनी कापसाची एक वळी थेट माझ्या जिभेखाली सारली.

"सुताचा ट्रक आला का?" मालकांनी विचारलं.

"हॉं... आलॉं..."

"असं का बोलायलाय? तोंडात काय हाय?"

माझ्या तोंडून खरं तेच निघालं. "कॉपूस, मॉलक."

मग मालक म्हणाले, "हितं सूत पुरंना म्हणून बोंब चाललीय, आणि तुमी कापूस खायलाय व्हय?"

काकूंना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग गालातला घोट गटकन आत गेला, ठसका लागला, आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर त्या हसत राहिल्या. दोन वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. हसू ओसरल्यावरही मधूनमधून उकळी फुटतच होती. ठसक्याचं निमित्त करून सरांनी पुरती पंधरा मिनिटं वाट बघितली आणि मग नेमानं कापूस दिला. उठून पुन्हा घोट भरायला काकूंना सवडच मिळाली नाही.

आकडा जवळजवळ शून्य आला. सर कापूस घेऊन मागे गेले. मीही गेलो. त्यांनी वळी चिमटीत धरून जीव खाऊन पिळली. एक थेंब पडला, फारतर दीड. आम्ही दोघं नळीकडे बघत उभे राहिलो. पाच मिनिटं काहीच झालं नाही. मग कडेचा निळा जरा फिका वाटला. मला वाटलं, डोळ्यांचा भास. सर हलले नाहीत. पाव तासानं नळीच्या तळाशी पेजेचा पांढुरका रंग स्वच्छ दिसत होता.

सरांनी नळी फळकुटावर ठेवली. ते आत गेले आणि काकूंसमोर खुर्चीवर बसले. आता हे सांगणार तरी कसं? सांगायचं तर बाकीच्या सगळ्या नळ्यांचंही सांगावं लागणार. ते नुसतेच बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

काकू घाबऱ्या झाल्या. उठून जवळ आल्या, पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

"आकडा कमी आला म्हणून व्हय?" त्या म्हणाल्या. "येवढ्यावरनं रडतंय का कुनी? उद्या जास्त आनते मी."

"व्हय," सर म्हणाले. "आन."