तिसरीच्या तनुजाचं आगपेटीतलं 'नाही'

आमच्या शाळेत पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी प्रत्येक मुलाचं 'नाही' जमा करून घेतात आणि चौथीच्या निकालाबरोबर परत देतात. सोबत 'नको'सुद्धा. प्रत्येकाची वेगळी आगपेटी, वर नाव आणि हजेरी क्रमांक. पेट्या मुख्याध्यापक वाघचौरे सरांच्या कपाटात, नकाशांच्या गुंडाळ्यांखाली असतात. वर्ग काय शांत चालतात म्हणून सांगू!

यंदा वरून पत्रक आलं. तिसरीपासून 'नातेसंबंध आणि आरोग्य' असा नवा तास, आणि तो मला! मी तर हरखूनच गेले. आपलं शरीर, नखं, दात, मैत्री, कुणाचा स्पर्श आवडतो, कुणाचा खटकतो, सगळं होतं त्यात. शेवटी प्रात्यक्षिक : 'विद्यार्थी न आवडलेल्या स्पर्शाला मोठ्याने नाही म्हणेल. गुण दहा.'

पहिला पाठ झाला आणि तनुजा ढगे टेबलाशी आली.

"बाई, दर रविवारी पप्पांचे मित्र येतात, बाळूकाका. मला धरून ठेवतात, पापे घेतात. मला शिसारी येते. घरी सांगितलं तर सगळे हसले. म्हणाले, लाजतेय." मग हळूच म्हणाली, "माझं प्रात्यक्षिक रविवारच्या आत होईल का?"

त्या दिवशी शुक्रवार होता. मी तडक सरांकडे गेले.

"सर, तिसरीची 'नाही' सोडा."

"बाई, चौतीस 'नाही' एकदम उघडली तर? उद्या पोरं खिचडीला नाही म्हणतील. पाढ्यांना म्हणतील."

"म्हणू द्या की!"

"मुदतीआधी हवं तर वडिलांची सही लागते."

"अहो, वडिलांच्याच मित्राला म्हणायचंय ते!"

सर तसे भले माणूस. त्यांनी चष्मा पुसला आणि नियमावली पहिल्या पानापासून वाचली. "मुदत संपूनही न नेलेल्या पेटीला मात्र सही लागत नाही," असं म्हणून त्यांनी खालचा कप्पा ओढला. धुळीत एकच आगपेटी होती. 'कु. शोभना निमसे, क्र. १९.'

अगं बाई, माझीच की! चौथीच्या निकालाला मला गोवर झाला होता, पेटी न्यायची राहूनच गेली. तरीच! तरीच सुट्टीच्या दिवशीचं प्रत्येक सर्वेक्षण माझ्याच गळ्यात! मी पेटी हलवली. आत खुळखुळलं. सत्तावीस वर्षं झाली होती, तरी शाबूत होतं!

ती मी तनुजाला दिली. सरांनी वहीत लिहिलं, 'एक नग, उसनवार, सोमवारी परत.'

"बाई, हे जड आहे."

"वापरलेलंच कुठंय गं! दोन्ही पाय रोवून उभी राहा आणि मग उघड."

रविवारी मी तिच्याच गल्लीत सर्वेक्षणाला होते. साहजिकच हो म्हणाले होते. अकराच्या सुमारास ढग्यांच्या घरातून आवाज आला, "नाही!" माझाच आवाज, पहिलीतला, सहा वर्षांचा! कुत्री गप्प झाली. बाळूकाका चपला हातात घेऊनच बाहेर पडले. मागोमाग तनुजाची आई दारात आली. "पोरीनं सांगितलंय ना? पुन्हा या घरात पाय ठेवू नका!" तिचे पप्पा कपबशी धरून तसेच उभे होते. दाराच्या फटीतून तनुजानं मला अंगठा दाखवला. मला नाचावंसं वाटलं.

सोमवारी तिनं पेटी परत आणली.

"बाई, अजून पुष्कळ उरलंय. तुम्हाला लागेल."

इतक्यात सर आले. "निमसे बाई, येत्या रविवारी शौचालयांची मोजणी आहे. तुम्ही जाल ना?"

मी दोन्ही पाय रोवले आणि पेटी उघडली.

खिडक्यांची तावदानं बराच वेळ थरथरत होती. ती थांबल्यावर सरांनी वहीत 'परत मिळाले' असं लिहिलं, आणि कपाटाची किल्ली माझ्यापुढे सरकवली. तिसरीचं प्रात्यक्षिक आज दुपारच्या सुट्टीनंतर आहे.