ठकूबाईची पाठ आणि महाराजांच्या एकोणीस पायऱ्या

एका जंगलात एक सिंह राज्य करत होता. ते जंगल होतं की नुसती दाट झाडी होती, याबद्दल आता थोडी शंका येते. नदी डावीकडे होती असं आठवतं, पण ती उजवीकडेही असू शकेल. सिंह मात्र नक्की होता, मुलांनो, कारण बाकीचे सगळे हळू आवाजात बोलत असत.

सिंहाची गादी एका उंच खडकावर होती. वर जायला दगडाच्या एकोणीस पायऱ्या होत्या. एकदा महाराज शेजारच्या वाघीण राणीकडे जेवायला गेले. तिच्याकडे पायऱ्यांवर गालिचा होता. परत आल्यावर महाराजांना आपल्या पायऱ्या फारच उघड्याबोडक्या वाटू लागल्या. आठवडाभरात एकोणीसही पायऱ्या लाल झाल्या.

आता जंगलात पायपुसणं नसतं. रानडुकरं तक्रार घेऊन येत, ती थेट चिखलातून उठून येत. गवे येत ते गवतासकट. आणि माकडं काहीच काम नसताना येत, कारण गालिच्यावर बसून फळं खायला बरं वाटतं.

ह्या पायऱ्या साफ करायचं काम ठकूबाईकडे होतं. ठकूबाई म्हणजे साळिंदर. साळिंदरं खरं तर रात्री हिंडतात आणि दिवसा झोपतात, पण ठकूबाई दरबारी नोकरीत असल्यामुळे दिवसा जागी असे आणि रात्रीही फारशी झोपत नसे. नोकरीच्या बदल्यात तिला सगळ्यात खालच्या पायरीशेजारचं बीळ मिळालं होतं. त्यात ती आणि तिची दोन पिल्लं राहत.

ठकूबाईची पद्धत साधी होती. ती बाजूच्या खडकावरून वर जाई आणि सगळ्यात वरच्या पायरीपासून सुरुवात करी. चिखल ओला असेल तर त्याला हात लावत नसे. ओला चिखल घासला की आत जाऊन बसतो. तो वाळला की ती पाठीचे काटे फुलवून पायरीला पाठ लावी आणि गालिच्याची लव ज्या बाजूला झुकते त्या बाजूला हळूहळू घाशी. मग कोपऱ्यातली धूळ एका गळून पडलेल्या काट्याने टोकरून काढी. पडलेला कचरा पळसाच्या पानावर घेई. फळाचा डाग दिसला तर शेवरीचा कापूस त्यावर दाबून धरी, पण चोळत नसे. एक पायरी झाली की एक पायरी खाली. वरची धूळ खालच्या पायरीवर पडे, पण खालची पायरी अजून व्हायचीच असे, त्यामुळे काही बिघडत नसे. दुपारी ती खाली पोहोचे, तेव्हा एकोणीस पायऱ्या स्वच्छ असत. मग माकडं येत.

सगळं सुरळीत चाललं होतं. म्हणजे कुणाचंही लक्ष गेलं नव्हतं.

मग दरबारात शिष्टाचारप्रमुख नेमला गेला. तो मोर होता. त्याला सगळे निळोपंत म्हणत. निळोपंत रोज पायऱ्या चढून जात, तेव्हा त्यांचा लांब पिसारा मागून येई आणि खालच्या पायऱ्यांची माती वरच्या पायऱ्यांवर नेऊन ठेवी. ह्याला काय म्हणावं ते ठकूबाईला कळत नसे, म्हणून ती काही म्हणत नसे.

एके सकाळी निळोपंत तिच्यापुढे उभे राहिले.

"ठकूबाई, हे काय चाललंय?"

"पायरी झाडतेय, पंत."

"तोंड कुठे आहे तुमचं?"

"जिथे असतं तिथेच आहे."

"ते खाली आहे. आणि पाठ?"

"पाठ पायरीला."

"पाठ महाराजांना आहे, ठकूबाई. इतकी वर्षं तुम्ही महाराजांना पाठ दाखवताय."

ठकूबाईने वळून पाहिलं. महाराज झोपले होते आणि त्यांचीच पाठ ठकूबाईकडे होती. पण हे बोलण्यासारखं नव्हतं.

"पंत, माझा ब्रश पाठीवर आहे."

"ते तुमचं खासगी कारण झालं," निळोपंत म्हणाले. "उद्यापासून तोंड महाराजांकडे. आणि सुरुवात खालून. काम करत करत महाराजांच्या दिशेने यायचं. आधीच वर जाऊन बसायचं आणि मग खाली उतरत यायचं, हे बरं दिसत नाही. आपल्या राज्यात सगळं वरच जातं."

दुसऱ्या दिवसापासून ठकूबाई तोंड वर करून काम करू लागली. पाठीचे काटे हवेला घासले जाऊ लागले. हवा स्वच्छ झाली. पायरीसाठी तिने दातात मोळाचा झाडू धरला. दुसरी पायरी झाडली की धूळ पहिलीवर पडे. तिसरी झाडली की पहिलीवर आणि दुसरीवर. एकोणिसाव्या पायरीवर पोहोचून तिने खाली पाहिलं, तर पहिल्या पायरीवर अठरा पायऱ्यांची धूळ जमली होती आणि उरलेली तिच्या बिळात गेली होती. आतून पिल्लांच्या शिंका ऐकू येत होत्या.

ती पुन्हा खाली गेली आणि पुन्हा सुरुवात केली. असं आठ दिवस चाललं.

नवव्या दिवशी वाघीण राणीचा निरोप आला. पाच दिवसांनी ती परतभेटीला येणार होती. महाराजांनी पायऱ्यांकडे पाहिलं. लाल गालिचा आता भाजलेल्या वांग्यासारखा दिसत होता.

"हे असं का झालं?" महाराजांनी विचारलं.

"साळिंदर जुन्या वळणाचं आहे, महाराज," निळोपंत म्हणाले. "तज्ज्ञ बोलावतो. पाचव्या दिवसापर्यंत पायऱ्या लखलखल्या नाहीत, तर ठकूबाईंना रजा. बीळ बुजवून टाकू. तसंही ते पायरीशेजारी वाईट दिसतं."

त्याच संध्याकाळी गजाभाऊ नावाच्या हत्तीने एक मोठा सपाट दगड आणून बिळाच्या तोंडाजवळ ठेवला.

"ठकूबाई, मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "मला नुसता ठेवायला सांगितलाय. ढकलायचा हुकूम यायचाय अजून."

"भाऊ, हुकूम आला तर आधी हाक मारा. पिल्लं आत असतात."

"मारेन की. दोनदा मारेन."

ठकूबाई त्या रात्री पिल्लांना कुशीत घेऊन दगडाकडे बघत बसली. साळिंदराच्या पिल्लांना कुशीत घेणं तसं सोपं नसतं, पण तिला सवय होती.

तज्ज्ञ आले. ते दरवर्षी हिवाळ्यात परदेशातून येणारे रोहित पक्षी होते. गुलाबी पंख, काठीसारखे पाय. नाव डॉ. अग्निपंख. रोहित पक्ष्याची खाण्याची रीत तुम्हाला माहीत असेल. तो मान खाली घालतो, डोकं पूर्ण उलटं करतो आणि चोच चिखलात बुडवतो. डॉक्टरांचा सगळा अभ्यास ह्याच अवस्थेत झाला होता. त्यामुळे कोणतीही गोष्ट नीट पाहायची असली की ते डोकं उलटं करत.

पायऱ्याही त्यांनी तशाच पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या.

"जगभर एकच पद्धत मान्य आहे," उलट्या डोक्याने डॉक्टर म्हणाले. "सुरुवात सगळ्यात वरच्या पायरीपासून करावी."

ठकूबाईचे डोळे भरून आले. शेवटी कुणीतरी शिकलेलं भेटलं होतं.

"म्हणजे हिच्यापासून," असं म्हणून डॉक्टरांनी एका पायाने सगळ्यात खालची पायरी दाखवली.

"आमचंही हेच म्हणणं होतं," निळोपंत म्हणाले.

"डॉक्टरसाहेब," ठकूबाई चाचरत म्हणाली, "ती खालची पायरी आहे."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना एक साळिंदर आभाळाला लटकलेलं दिसलं.

"बाई, तुम्ही उलट्या आहात," ते मायेने म्हणाले. "ही अडचण पुष्कळांना येते."

मग डॉक्टरांनी यंत्रं सुचवली. यंत्रं दोन होती, पण दोन्ही गजाभाऊच होता. आधी त्याने सोंडेने रिठ्याच्या पाण्याचा फेस मारायचा आणि नंतर त्याच सोंडेने धूळ ओढून घ्यायची. तोवर चार दिवस उरले होते. त्यातला एक रिठे फोडण्यात गेला आणि एक गजाभाऊच्या प्रशिक्षणात. त्याला शिकताना गुळाच्या दशम्या दिल्या असत्या तर तो लवकर शिकला असता, पण प्रशिक्षणात फक्त व्याख्यानं होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी गजाभाऊने फेस मारला. सांगितला होता ओंजळभर. पण हत्तीची ओंजळ, मुलांनो. एकोणीस पायऱ्या फेसाखाली गेल्या. निळोपंत अकराव्या पायरीवर होते, त्यांचा फक्त तुरा दिसत होता. तुरा म्हणत होता, "थांबवा."

"आता ओढा," डॉक्टर म्हणाले.

गजाभाऊने ओढलं. फेस, धूळ, शेण, फळांच्या बिया, निळोपंतांची तीन पिसं, सगळं सोंडेत गेलं. क्षणभर गालिचा लाल दिसला. मग गजाभाऊचे डोळे बारीक झाले.

"भाऊ, खाली वाका," ठकूबाई म्हणाली. "तोंड दुसरीकडे करा."

"तोंड महाराजांकडे," निळोपंत ओलेचिंब उभे राहून म्हणाले. "शिष्टाचार."

गजाभाऊ आज्ञाधारक होता. तो महाराजांकडे तोंड करून शिंकला.

महाराजांच्या आयाळीतून बुडबुडे निघत होते. एक बुडबुडा हळूच वर गेला आणि सगळा दरबार त्याच्याकडे बघत राहिला, कारण दुसरीकडे बघायची कुणाची हिंमत नव्हती. तो फुटल्यावर नाइलाज झाला.

"परवा ती येणार आहे," महाराज म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"ह्याला कारण बीळ आहे," निळोपंत म्हणाले. "बिळातून धूळ येते. गजाभाऊ, दगड ढकला."

गजाभाऊने ठकूबाईकडे पाहिलं. "ठकूबाई," त्याने हाक मारली. मग दुसऱ्यांदा मारली. "ठकूबाई."

ठकूबाई बाजूच्या खडकावरून वर महाराजांजवळ येऊन उभी राहिली. तिचे काटे थरथरत होते, त्यांचा खुळखुळा वाजत होता.

"पंत, तीनच गोष्टी विचारते, मग दगड ढकला. काम करताना तोंड महाराजांकडे हवं ना?"

"हवं."

"आणि काम करत करत महाराजांच्या दिशेनेच सरकायचं ना?"

"अर्थात."

"मग महाराज उद्या सकाळी खाली बसले तर?"

निळोपंतांनी नियमांची भूर्जपत्रं चाळली. उठावं कसं, बसावं कसं, खोकावं कसं, सगळ्याचे नियम होते. महाराजांनी कुठे बसावं ह्याचा नव्हता. असा नियम लिहायची कुणाची छाती झाली नव्हती.

"हरकत घेता येत नाही," निळोपंत दुःखाने म्हणाले.

ठकूबाईने ओल्या गालिच्याला दिवसभर कुणाला पाय लावू दिला नाही. उन्हात तो खडखडीत वाळला. दुसऱ्या दिवशी पहाटे ती बाजूने वर जाऊन बसली. महाराज उठून एकोणीस पायऱ्या उतरले आणि बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून बिळाजवळच्या सपाट दगडावर बसले.

आता महाराज खाली होते. ठकूबाईचं तोंड खाली, महाराजांकडे. पाठ पायरीला. ती एक पायरी झाडे आणि महाराजांच्या दिशेने एक पायरी सरके. निळोपंत शेजारून नियमावली पंखात धरून उतरत होते. एकही चूक सापडली नाही. दुपारी ती शेवटच्या पायरीवर आली. मागे एकोणीस पायऱ्या डाळिंबाच्या दाण्यासारख्या चमकत होत्या.

"ठकूबाई," महाराज डोळे मिटून म्हणाले, "हे मागून काय येतंय?"

बिळाची एक वाट खडकाच्या पलीकडे, नदीवर निघत होती. तिथून गार झुळूक येत होती, ती महाराजांच्या पाठीला लागत होती. वर खडकावर भर उन्हात बसून त्यांची पाठ इतकी वर्षं भाजत होती.

"ते आमचं घर आहे, महाराज."

"बुजवू नका," महाराज म्हणाले आणि झोपले.

वाघीण राणी आली. महाराज दगडावरून उठेनात, म्हणून तीही खालीच बसली. दोघांनी खालूनच पायऱ्या पाहिल्या. "फार स्वच्छ," राणी म्हणाली आणि झुळुकीकडे पाठ करून बसली. महाराज पुन्हा वर गेले नाहीत. तक्रारी खालीच ऐकल्या जाऊ लागल्या, त्यामुळे पायऱ्यांवर कुणी पाय ठेवेना आणि पायऱ्या मळेनात. डॉ. अग्निपंखांना मानपत्र मिळालं. त्यांनी ते उलटं वाचलं आणि समाधान व्यक्त केलं. ठकूबाई कित्येक वर्षांनी दिवसभर झोपली.

तात्पर्य: काम येणाऱ्याने तज्ज्ञांशी वाद घालू नये आणि नियमांना हात लावू नये. दोन्ही बरोबरच असतात. फक्त राजाला कुठे बसवायचं, ते आपण पाहावं.

हे तात्पर्य योग्य आहे की नाही, ह्याची खात्री नाही. पण एक गोष्ट पुढे बऱ्याच वर्षांनी दरबारी दप्तर काढून पडताळली, ती पक्की आहे. त्यात पायऱ्या साफ करणाऱ्याच्या जागी डॉ. अग्निपंखांचं नाव आहे. ठकूबाईचं नाव निवृत्तीपर्यंत 'गार वाऱ्याची सोय' ह्या सदराखाली लिहिलेलं आहे.