एक जूनचे घराणे

श्रीकुलस्वामी साक्ष आहेत, तारीख चुकल्यास त्यांनीच पदरात घ्यावी. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, मंदवार. ते दिवशी राजश्री निवृत्तिराव हुलावळे, मोजणीखात्यातून निवृत्त जाहलेले, संगणकासन्मुख बैसोन कुळाची वंशावळ भरू लागले. राज्य सात पिढ्यांचे, माणसे एकशे नऊ, आणि राव यांची प्रतिज्ञा ऐसी की एकही तारीख खोटी जाणार नाही, कारण हयातभर त्यांनी परक्याचा बांध वीतभर सरकू दिला नव्हता. मग शाळेचे दाखले उघडून पाहतात तो स्वतः राव धरोन सतरा असामी एक जूनास जन्मलेल्या. त्या मुलखी भोकरे मास्तर म्हणोन अंमलदार होऊन गेले. ते पोरास उजवा हात डोईवरून डाव्या कानास लावावयास सांगत, आणि हात पोचला की पोर सहा वर्षांचे ठरे आणि जन्म एक जूनचा लिहिला जाई. त्यावर दाद नव्हती. राव यांनी दाखला प्रमाण मानून ०१/०६ ऐसे अंक भरिले, परंतु संगणक विलायती रिवाजाचा, आधी महिना वाचणारा. त्याने सतराही जणांस सहा जानेवारीस जन्मास घातले. मग राव कोपले, चहा दोन वेळा निवला, आणि एकेकास ओढून त्यांनी पुन्हा जूनात आणून सोडिले.

इतक्यात कौसाआत्यांची स्वारी काठी टेकीत आली. राव यांच्या वडिलांची ही बहीण, वय दाखल्याप्रमाणे त्र्याऐंशी. आपले नाव पडद्यावर पाहून त्यांनी पुसले की शेजारी ठकी कोठे आहे. ठकी त्यांची जुळी. राव अदबीने बोलिले की तिचा दाखला नाही, तारखेवाचून यंत्र नोंद घेत नाही, आणि अंदाजाची तारीख आपल्या हातून जाणार नाही. वंशवृक्ष उद्याच छापून कुळाच्या मेळाव्यात लागणार, तेव्हा इलाज नाही. मग आत्या खुर्चीवर टेकल्या आणि सांगत्या जाहल्या की दोघी एकाच दिवशी मास्तरांपुढे उभ्या राहिल्या, कौसेचा हात कानास लागला, ठकीचा बोटभर कमी पडला, मास्तर म्हणाले पुढल्या वर्षी ये. आणि ठकी रोज चुलीपुढे उभी राहून हात ताणीत असे, आणि त्याच भादव्यात तापाने गेली.

"हात आखूड पडला, म्हणून ती जन्मलीच नाही का रे, निवृत्ती?"

तरी राव यांस प्रतिज्ञा सोडवेना.

"आणि खऱ्याचं मला सांगू नकोस. तू हुरड्यातला, संक्रांत आठ दिवसांवर आलेली. तुझा एक जून कुठला, मेल्या?"

राव यांनी बोटे मोजिली. सहा जानेवारी. यंत्राने चुकून खरे लिहिले आणि आपण खपून खपून ते खोडिले, ऐसे ध्यानी आले. मग स्वहस्ते लिहिले: ठकूबाई, जन्म एक जून, साल कौसेचे. यंत्राने तत्काळ हरकत घेतली की आईबाप तेच, तारीख तीच, दोघी एकच व्यक्ती दिसतात, एक काढून टाकावी काय? राव यांनी आत्यांकडे पाहिले आणि 'नाही' दाबिले. दोन्ही नावे शेजारी उभी राहिली. मग आत्यांनी काठी भिंतीस लावून आपला उजवा हात डोईवरून कानाकडे नेला. वयोमानाने तो बोटभर कमी पडला.

"तिचा पोचला," म्हणाल्या.

येणेप्रमाणे सतरांचे अठरा जाहले. राव यांनी आपला एक जून तैसाच राखिला. घडले तैसे लिहिले. दिनांक तेवढा ज्याचा त्याने ताडून घ्यावा.