फॉइलबंदीचा ठराव आणि मी

आमच्या सर्फिंग क्लबात फॉइलला पहिला विरोध केला तो मी! सेक्रेटरी या नात्याने बंदीचा ठरावही मीच लिहिला. फॉइल म्हणजे काय, तर बोर्डाच्या पोटाला एक लांब दांडा आणि दांड्याला विमानासारखे पंख. वेग आला की ते पंख बोर्डाला पाण्याबाहेर उचलतात आणि माणूस अधांतरी सुसाट निघतो. हल्ली जो उठतो तो हेच घेऊन येतो. लाट अजून नीट उठलेलीही नसते, तिथपासून हे लोक तिच्यावर स्वार! आम्ही आपले पाण्यात पाय सोडून बसलेले.

खरं सांगू? गुडघे कुरकुरायला लागल्यापासून मला एकही धड लाट मिळाली नव्हती. म्हणून मी गुपचूप एक फॉइल आणलं आणि कपाटामागे लपवलं. तेव्हापासून जिवाला चैन नाही. घास तोंडात असतानाही उठून बघून यायचो!

"कपाटामागे काय आहे हो?" बायकोने विचारलंच. ती पोहायला शिकवते.

"शत्रूचा अभ्यास!"

"मग मीही करते थोडा."

"छे! हा काही तुझा तलाव नाही."

आमची सभा लाटांच्या पलीकडे, बोर्डांवर गोल बसून भरते. हात वर केला की मत. तोल जाऊन पडला तो तटस्थ! ठरावाच्या दिवशी मला घरात बसवेना. एकदाच, पहिलं आणि शेवटचं, म्हणून सभेआधी फॉइल घेऊन खडकांच्या पलीकडे गेलो. बायको सोबत पोहत आली आणि तिने मागून ढकललं.

आणि मी उचललो गेलो! ना आवाज, ना हादरा, गुडघे गप्प! मला अक्षरशः रडू आलं. खडकाला वळसा पडला आणि समोर सभा दिसली. तेव्हा लक्षात आलं, मी फक्त चढायचं शिकलो होतो.

"बाजूला व्हा!" मी ओरडलो.

"अहो, उतरा!"

"उतरता येत नाही!"

अख्ख्या क्लबाने पाण्यात उड्या टाकल्या. मधोमध जाऊन मीही आपटलो. फॉइल एकटंच पुढे गेलं.

आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. पाणी थुंकत ते वर आले. आता पद गेलं, अब्रू गेली, असं धरून मी कबुली द्यायला तोंड उघडलं.

"धन्य आहात सेक्रेटरी!" डॉक्टरांनी पाण्यातच हात जोडले. "भाषणं कुणीही करतं. ही वस्तू किती घातक आहे ते तुम्ही जीव धोक्यात घालून दाखवलंत!"

"अहो डॉक्टर, पण मला तर..."

"बोलू नका, धाप लागलीय तुम्हाला. बंदीच्या बाजूने कोण कोण?"

सगळे हात वर! काल डळमळणारेसुद्धा! सगळे माझ्याकडे बघू लागले. पडून तटस्थ राहावं म्हटलं, तर मी आधीच पडलेला होतो. केला हात वर.

बंदी मोडणाऱ्यांवर लक्ष ठेवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं, शिट्टीसकट. पुढच्या रविवारी काठावर येरझाऱ्या घालतोय, तर खडकाआडून कुणीतरी तरंगत आलं. पाठ ताठ, चेहरा शांत. आमची बायको, माझ्याच फॉइलवर! माझ्यासमोर तिने झोकदार वळण घेतलं आणि अलगद पाण्यात उतरली.

"अहो, उतरणं तर किती सोपं आहे!"

शिट्टी वाजवली का म्हणता? वाजवली ना! फक्त इतकी हळू, की तिला सोडाच, मलाही ऐकू आली नाही.